आप्पांनी आवळलेलं पॅकिंग

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, साखर कारखान्यात फिटर होते. उभा जन्म मोठाल्या नटांना पान्यात पाइप घालून आवळण्यात गेला, त्यामुळे त्यांच्या हातून लागलेली घरातली कुठलीही वस्तू गच्चच लागायची. नळ बंद केला की वायसर गेलाच. लोणच्याच्या बरणीशी झटापट करत आई अख्ख्या गल्लीला ऐकवायची, "अवो, लोणचं हाय ह्यात, वाफ न्हाय कोंडायची!" आप्पा मिशीत हसायचे.

आमच्या जुन्या गाडीचंही तेच. इंजिनाच्या डोक्यावर टॅपेट कव्हर असतं, त्याखाली रबराचं पॅकिंग. आप्पा ते घरीच बदलायचे आणि इतकं आवळायचे, की रबर चेपून पहिल्याच फेरीत ऑइल गळायचं. तापल्या सायलेन्सरवर पडलं की गाडीभर जळका वास. बारामतीचा मेकॅनिक मला दर वेळी सांगायचा, "ताई, आप्पांना म्हणावं हलक्या हातानं आवळा. ह्यो काय उसाचा चरक न्हाय." मी निरोप द्यायचे. आप्पा म्हणायचे, "त्याच्या मनगटात दम न्हाय, म्हणून सांगतोय."

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. औषधं, मालिश, रबरी चेंडू दाबणं, सगळं झालं. बोटं हलायला लागली, पाना धरता येऊ लागला. लासुर्ण्याला आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते "हात आला परत" म्हणून सांगत. आम्ही माना डोलवायचो. खरंच किती परत आला होता, ते बघायची हिंमत कुणातच नव्हती.

मग गाडीचा वास फारच वाढला. बारामतीला दुरुस्तीला नेते म्हटलं, तर भडकले. "माझ्या हाताला काय धाड भरलीय?" अंगणात सकाळभर खपून त्यांनी कव्हर काढलं, कडा पुसल्या, नवं पॅकिंग बसवलं. बोल्ट आवळताना डावा हात मुद्दाम पाठीमागे धरला होता. कपाळावरची शीर फुगली, तरी मी मध्ये पडले नाही. शेवटचा बोल्ट झाल्यावर म्हणाले, "बघ आता. कसं गच्च बसलंय."

दुपारी भिगवणपर्यंत चक्कर मारली. काचा बंद ठेवून मी सारखी हुंगत होते. ऑइल गळावं, गाडी जळक्या वासानं भरून जावी, असं आयुष्यात कधी इतकं कळवळून वाटलं नव्हतं. वाटेत आप्पांनीच विचारलं, "वास येतोय का गं?"

"न्हाय, आप्पा."

घरी आल्यावर त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. कव्हरच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पॅकिंग नीट बसलं होतं. त्यांनी बोटाकडे बघितलं आणि पुसण्यासारखं काही नसताना ते धोतराला पुसलं.

रात्री जेवताना आईनं लोणच्याची बरणी पुढ्यात ओढली. सकाळी आप्पांनीच लावलेली. झाकणाशी झटत ती म्हणाली, "उघडंना की हो. किती गच्च लावलीया!" मग बरणी माझ्याकडे दिली. झाकण नुसतं वर ठेवल्यासारखं सैल होतं. मी बरणी मांडीत धरली आणि दात आवळून जोर लावत राहिले.

आप्पांनी ताटावरून नजर उचलली नाही.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "लोणचं नको मला."