घराण्याची ओळख

आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच असली की गॅलरीत माझ्या पुढच्या पायरीवर एक म्हातारा बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, त्याचा आवाजच पुरेसा होता. समोरच्या पेठेतल्या प्रत्येक खेळाडूला तो घराण्यासकट ओळखायचा. कुणाचा पास चुकला की टोपी मागे सारून ओरडायचा, "आरं, तुझा बा बी गोलसमोर असाच लाजायचा की!" तो खेळाडूही वळून हसायचा. आम्ही निम्मे लोक त्याच्यासाठीच जायचो.

यंदा दोन्ही तालमींना पैसेवाले पाठीराखे मिळाले आणि खेळाडू बाहेरगावाहून आले. परवा समोरच्यांच्या एका उंच पोराने मोकळा गोल घालवला. सगळी गॅलरी म्हाताऱ्याकडे बघू लागली. त्याने टोपी मागे सारली आणि पुन्हा पुढे ओढली.

"बोला की मामा," मी चिथावलं.

"काय बोलू, पावणं? ह्याचा बा कोण, मला ठावं न्हाई. आपल्यातबी पेठंतला एकच हाय, त्यो बी राखीव."

मध्यंतरात तो उठून थेट समोरच्यांच्या गॅलरीत शिरला. भांडण बघायला मिळेल म्हणून मीही मागोमाग गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्यापुढे उभा राहून तो म्हणाला, "तुझ्या नातवाला का बाहेर बसवला रं?"

"तुझा तरी कुठं खेळतोय?" असं म्हणत त्या दुसऱ्याने सरकून जागा दिली.

दोघे शेजारी बसले, मी त्यांच्या मागच्या पायरीवर. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर थोड्या वेळाने आमच्याकडून गोल झाला आणि पलीकडे आमची गॅलरी नाचू लागली. आमच्या म्हाताऱ्याने मागे वळून मला विचारलं, "कुणी मारला?"

मलाही सांगता आलं नाही.