वीतमास्तर

डेपोत त्याला सगळे वीतमास्तर म्हणत. नाव पडलं त्याला चोवीस वर्षं होऊन गेली होती, आणि ते त्याला इतकं आवडायचं की कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो पहिल्या हाकेला ओ देत नसे.

नावामागची गोष्ट डेपोतल्या झाडूवाल्यालाही पाठ होती, कारण ती सांगताना मास्तर कधी थकला नाही. भरतीच्या वेळी मैदानात पत्र्याचे दोन रिकामे ड्रम उभे करत आणि त्यांच्यामधून बस काढायला लावत. दोन्ही बाजूंना हातभर जागा असायची, तरी निम्मे उमेदवार एखादा ड्रम आडवा करून घरी जायचे. ह्या पठ्ठ्याने बस काढली, खाली उतरला आणि परीक्षकाच्या डोळ्यांदेखत दोन्ही ड्रम आत सरकवले. आता दोन्हीकडे वीतभर. एका ड्रमावर चहाचा भरलेला ग्लास ठेवला, आणि बस अशी सपकन काढली की थेंब सांडला नाही. परीक्षकाने तोच चहा त्याला पाजला.

तेव्हापासून वीतभर हेच त्याचं माप. भर बाजारातून बस काढायचा, पण आरशावर कधी ओरखडा नाही, चोवीस वर्षांत एक अपघात नाही, एक तक्रार नाही. आणि आता डेपोच्या प्रशिक्षण शाळेत शिक्षकाची जागा रिकामी होत होती. मास्तरची कंबर पार कामातून गेली होती. पहाटे साडेचारला उठून कमरेचा पट्टा आवळताना तो बायकोला म्हणायचा, "एवढा महिना काढतो. मग खुर्चीत बसून नव्या ड्रायव्हरांना शिव्या घालीन." जागेला अट एकच होती: माणसाचा कागद कोरा पाहिजे. त्याचा कोरा होता. डेपो मॅनेजरने तोंडी सांगूनही टाकलं होतं की जागा तुमचीच.

तसा मास्तर सगळ्या जगालाच कस्पटासमान लेखायचा. रिक्षावाले आंधळे, ट्रकवाले झोपलेले, कारवाले लायसन विकत घेतलेले. पण शनिवारी सकाळी टेकडीच्या रस्त्यावर येणारे हौशी सायकलवाले दिसले की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सायकलशी वैर नव्हतं हं. त्याचे वडील तीस वर्षं सायकलवरून कारखान्यात गेले. दूधवाला, पेपरवाला, डबा लटकावून कामावर निघालेला गवंडी, ह्यांच्यासाठी तो स्वतःहून ब्रेक मारायचा.

"ते पोटासाठी पाय मारतात," तो कंडक्टरला म्हणायचा. "आणि हे? पोट उतरवायला! गाडीच्या टपावर सायकल घालून टेकडीपर्यंत यायचं, टेकडी चढायची, फोटो काढायचा, आणि परत गाडीत बसून घरी जायचं. अरे, मग निघालात कशाला घरातून?"

कपड्यांवर घसरला की विचारूच नका. "काय ते ध्यान! अंगाला असं चिकटलेलं की सकाळी काय खाल्लं ते बाहेरून दिसावं. पाठीवर दहा कंपन्यांची नावं, एकीने तरी ह्यांना कवडी दिली असेल का? आणि बुडाला उशी! कचेरीत साहेब म्हणवून घेतात आणि रस्त्यावर बुडाला उशी बांधून फिरतात. खाली उतरले की बूट टकटक वाजवत चालतात, नाल ठोकल्यासारखे. हॉर्न दिला तर मागे वळून बघतसुद्धा नाहीत. नुसता हात हलवतात, माशी वारल्यासारखा!"

आता खरं सांगायचं तर सायकलवालेही काही संत नव्हते. तीन-तीन जण बाजूबाजूने गप्पा मारत चालायचे आणि मागे बस तुंबली तरी ढिम्म बाजूला व्हायचे नाहीत. पण मास्तरचा इलाज बघा. तो त्यांच्या अंगावरून वीतभर अंतराने बस काढायचा. मुद्दाम. मग आरशात बघायचा, कोण डगमगलं, कोण झाडीत शिरलं. कंडक्टर एकदा भीत भीत म्हणाला, "मास्तर, जरा लांबून घ्या की." तर हा उसळला. "मी हललो का? हलतात ते! ड्रम कधी हलला होता का?"

आणि हे खूळ त्याच्याच घरात शिरावं! धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर राहायचा. कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब, लहानपणापासून दादापुढे तोंड न उघडणारा. डॉक्टरने वजन कमी करा म्हटलं, तर ह्याने चालायचं सोडून सायकल घेतली, क्लबात नाव घातलं आणि क्लबाचा पिवळाजर्द गणवेशही आणला. एके दिवशी मास्तरची बायको दोरीवरची चड्डी चिमटीत धरून आत आली.

"अहो, ही भाऊजींची चड्डी आहे की गादी?"

मास्तर आठवडाभर हसत होता. त्या दिवसापासून धाकट्याचं नाव पडलं गादीवाला. जिन्यात दिसला की "काय गादीवाले, आज कुठे लोळणार?" धाकटा ओशाळं हसायचा. म्हणायचा, "आम्ही नदीच्या बाजूला जातो, दादा. तुझ्या टेकडीकडे फिरकतसुद्धा नाही."

ही शुद्ध थाप होती. पण रोज टोमणे खाणारा माणूस थाप मारणार नाही तर काय करणार?

रविवारी मास्तरला सुट्टी असायची. एका रविवारी मात्र त्याच्या जोडीदार ड्रायव्हरकडे पाहुणे होते म्हणून मास्तरने त्याची पाळी घेतली आणि पहाटेच निघून गेला. वरच्या मजल्यावर कोणाला पत्ता नाही. सात वाजता टेकडीच्या चढावर, जिथे एका बाजूला दगडी भिंत आहे, तिथे पुढे रांग दिसली. वीस-पंचवीस पिवळे. सगळ्यांचं हेल्मेट एक, चष्मा एक, पाठ एक. मास्तरने दोनदा हॉर्न दिला. पुढून एक हात हलला, तोच, माशी वारणारा.

झालं! मास्तरने दात-ओठ खाल्ले आणि बस काढली. वीतभर, तसूभर जास्त नाही. शेवटून दुसरा जो होता तो भिंतीकडे झुकला, त्याचं हँडल लटपटलं, खांदा भिंतीला घासला, आणि कसाबसा सावरला. मास्तरने आरशात बघितलं आणि खदखदा हसला. "गेली असती गादी भिंतीवर!" कंडक्टर हसला नाही. तो तिकिटं मोजत बसला.

अकराला मास्तर घरी आला तर धाकटा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेला. मांडीवर हेल्मेट, पायात ते टकटक बूट तसेच. हातात पाण्याची बाटली होती आणि तिचं झाकण त्याला उघडत नव्हतं.

"काय रे, उशी कमी पडली?"

"काही नाही, दादा. जरा दमलोय."

मास्तरने मान उडवली, आत जाऊन पोटभर जेवला आणि संध्याकाळपर्यंत ढाराढूर झोपला.

मंगळवारी डेपोत तक्रार आली. बसचा नंबर, वेळ, जागा, सगळं लिहिलेलं. खाली क्लबाच्या अध्यक्षाची सही. हा अध्यक्ष दातांचा डॉक्टर, आणि रांगेत सगळ्यात शेवटी तोच होता. त्याच्या हँडलवर कॅमेरा. गुरुवारी मॅनेजरने दोघांना समोरासमोर बोलावलं. आणि काय सांगावं, हा गृहस्थ डेपोत आला तोही त्याच पिवळ्या पोशाखात! कामाचा दिवस, चारही बाजूंना ग्रीस माखलेले मेकॅनिक, आणि मधून हे पिवळं ध्यान टकटक करत चाललेलं. ऑइल सांडलेल्या फरशीवर त्याचा पाय असा सरकला की मेकॅनिकने बखोटीला धरला म्हणून वाचला. मास्तरच्या जिवाला थंडावा मिळाला.

"हा खुनाचा प्रयत्न आहे!" डॉक्टर खुर्चीत बसायच्या आधीच ओरडला.

"आणि रस्ता अडवून गप्पा मारता तो कसला प्रयत्न आहे?" मास्तरने विचारलं.

मॅनेजरने हात वर करून दोघांना गप्प केलं आणि कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावला. बस आली, गेली. पुढचा पिवळा डगमगला, सावरला. जेमतेम चार सेकंदांचा खेळ. मास्तर मनातल्या मनात खूश झाला. काय सरळ बस गेली होती! चाक रेघेवरून ढळलं नव्हतं. हा व्हिडिओ शाळेत दाखवावा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मॅनेजर त्याच्याच बाजूचा होता. म्हणाला, "ह्यात अंतर नीट कळत नाही, डॉक्टर. मास्तर, चार-पाच फूट तरी असेल ना? तसं लिहितो. विषय संपला."

"पुन्हा लावा," डॉक्टर म्हणाला. "त्या माणसाकडे बघा. दोन दिवस त्याच्या हाताची थरथर थांबली नव्हती."

मॅनेजरने पुन्हा लावला. ह्या खेपेला मास्तरने बसकडे न बघता त्या माणसाकडे बघितलं. आणि त्याला कोपर दिसला.

सगळ्यांचे कोपर आत होते. ह्या एकाचा उजवा कोपर बाहेर काढलेला, दार अर्धवट उघडं राहावं तसा. असा कोपर अख्ख्या जगात एकच होता आणि तो मास्तरनेच मोडलेला होता. मास्तर तेव्हा पंधरा वर्षांचा, धाकटा आठचा. वडिलांच्या सायकलच्या दांडीवर त्याला बसवून मास्तरने उतारावर पायडल मारलं, मित्राला मागे टाकायचं म्हणून. दोघे पडले. धाकट्याचा हात मोडला, वाकडा जुळला आणि पुन्हा कधी सरळ झाला नाही. आईने विचारलं तेव्हा मास्तरने सांगितलं होतं, "मी नीट चालवत होतो. हाच हलला." आणि धाकट्याने रडत रडत मान डोलावली होती.

"मास्तर?" मॅनेजरने विचारलं. "पाच फूट लिहू ना?"

जागा, खुर्ची, कमरेचा पट्टा, सगळं मास्तरच्या डोळ्यांपुढून गेलं. हो म्हणायचा अवकाश होता.

"वीतभर होतं," तो म्हणाला.

"काय?"

"वीतभर. मुद्दाम घेतलं. अंदाज चुकला म्हणून नाही."

डॉक्टर आ वासून बघत राहिला. दुसऱ्याचे उघडे जबडे बघण्यात त्याचा जन्म गेला होता, आता त्याचाच उघडा पडला. मॅनेजरने पेन खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुम्हाला कळतंय का काय बोलताय ते?"

कळत होतं. कागदावर शेरा पडला. शाळेतली जागा ज्याला मिळाली त्याने भरतीच्या वेळी एक नव्हे, दोन्ही ड्रम पाडले होते आणि वर्षभराने पुन्हा परीक्षा दिली होती. आता तो नव्या ड्रायव्हरांना शिकवणार! मास्तरला हे आयुष्यभर सलणार होतं.

त्या संध्याकाळी तो जिना चढून वर गेला. एरवी तो धाकट्याला खालूनच हाक मारायचा. धाकटा एकटाच भाजी निवडत बसला होता.

"ती बस माझी होती," मास्तर दारातूनच म्हणाला.

धाकट्याला समजायला वेळ लागला. मग तो ताडकन उठला. "तू? तुला तर रविवारी सुट्टी... अरे देवा! दादा, मला माहीत असतं तर मी डॉक्टरांना तक्रार करू दिली असती का? थांब, आत्ता फोन करतो. मागे घ्यायला लावतो."

"का? ड्रायव्हर दुसरा कोणी असता तर घेतली असतीस मागे?"

धाकट्याने उचललेला फोन खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "नाही."

"बरोबर. घेऊ नकोस." मास्तर तिथेच चौकटीला टेकला. "आणि तू सोडून दुसरा कोणी असता ना, तर मी पाच फूट लिहून दिलं असतं. हसत हसत. एवढा नालायक आहे मी."

उजवा हात जेवढा सरळ होत होता तेवढा पुढे करून धाकट्याने दादाच्या खांद्यावर ठेवला. मास्तरला तो हात झटकताही येईना आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

"त्या दिवशी दांडीवर," तो म्हणाला, "तू हलला नव्हतास."

"माहीत आहे मला," धाकटा म्हणाला.

मास्तरची पहाटेची पाळी सुटली नाही, ती आता कायमचीच, आणि वर रविवारची सुट्टीही गेली. पहिल्याच रविवारी टेकडीच्या चढावर, त्याच दगडी भिंतीपाशी, पुढे पिवळी रांग. मास्तरने एकदा हॉर्न दिला. पुढून हात हलला. मास्तरने खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांच्या चड्ड्यांचा, चष्म्यांचा आणि सात पिढ्यांचा उद्धार केला, इतका मन लावून की पुढच्या बाकावरच्या बाईंनी कानावर हात ठेवले. मग डोकं आत घेतलं आणि दुसरा गिअर टाकून तो त्यांच्या मागे मागे चालू लागला.

प्रवासी कावले. "अहो, बैलगाडी आहे का ही?" कोणी म्हणालं. कंडक्टर पुढे आला, वाकून बघितलं. "मास्तर, बाजूने जागा आहे की. तुमची वीत आरामात बसते."

"दिसतंय मला," मास्तर खेकसला. "जा, तिकिटं फाड."

माथ्यापर्यंत त्याने गिअर बदलला नाही. धाकटा त्या रांगेत नव्हता. भिंतीला खांदा घासल्यापासून त्याने सायकलला हातही लावला नव्हता, तो घरी झोपला होता, आणि मास्तर त्याचं बंद दार बघूनच कामावर आला होता.