गोटीनानांच्या शेडमधली शवपेटी

मखमलाबादच्या गोटीराम विधात्यांनी क्लबात येण्यासाठी कधी अर्ज केला नव्हता. ते आपल्या मळ्यातले गुलाब आणि झेंडू घेऊन 'गोदाई सेवा क्लब'च्या कार्यक्रमांना जायचे, हार-बुके टेबलावर मांडायचे आणि मागच्या दारानं निघून यायचे. एका वर्षी क्लबाच्याच वरच्या प्रांत कार्यालयातून पत्र आलं की वीस सभासद भरत नसतील तर क्लब बंद करावा. सभासद होते एकोणीस. चर्चा चालू असताना गोटीराम हारांची टोपली घेऊन दारात उभे राहिले. अध्यक्ष अमोल कुलथे हे टाइल्सच्या दुकानाचे मालक, गोड बोलणारे आणि कायम घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी टोपलीतलाच एक हार उचलून गोटीरामांच्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या. गोटीरामांना वाटलं, हाराची लांबी बघतायत.

घरी आल्यावर सदऱ्याला टोचलेला बिल्ला पाहून बायकोनं, सखुबाईनं विचारलं, "हे काय लावून आला?"

"सेवा," गोटीराम म्हणाले. त्यांना तेवढंच समजलं होतं.

पण माणूस असा, की गळ्यात पडलेली गोष्ट टाकून द्यायची सवय नाही. क्लबाच्या नियमांची पुस्तिका इतर एकोणीस जणांनी उघडली नव्हती. गोटीरामांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. मिटिंगला वेळेवर पोचणारे ते एकटेच. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी त्यांना 'गोटीरामजी' म्हटलं नव्हतं, तेही तिथं ऐकायला मिळालं. पुढं सगळे 'नाना' म्हणू लागले, तेही त्यांना आवडलं.

त्या वर्षी क्लबानं ठरवलं की एक शवपेटी घ्यायची. म्हणजे विजेवर चालणारी, काचेच्या झाकणाची थंड पेटी. कुणाचा मुलगा परदेशात असतो, कुणाची लेक लांब दिलेली असते; ते येईपर्यंत मयत घरात नीट राहावं, आणि गरजूंना पेटी फुकट मिळावी. कल्पना चांगली होती. निधीसाठी गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. गायला अर्थातच सभासद. अमोलभाऊंनी ओळीनं चार गाणी म्हटली आणि पाचव्यासाठी माइक हातातच धरला, तेव्हा पहिल्या रांगेतले एक वयस्कर कंत्राटदार उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "अध्यक्ष, किती कमी पडतायत? तुम्ही बसत असाल तर उरलेले मी देतो."

अमोलभाऊंनी ते कौतुकच समजलं. पेटी त्याच आठवड्यात आली.

ती ठेवायची कुठं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. अमोलभाऊंच्या दुकानात ठेवली तर गिऱ्हाईक परत फिरेल. सेक्रेटरी वेदिका मॅडमच्या घरी लहान मुलांचे क्लासेस. बाकीच्यांच्या बायकांनी नाही म्हटलं. गोटीरामांच्या मळ्यात फुलं बांधायची पत्र्याची शेड होती आणि शेडला लाइटचं दणकट कनेक्शन. झालं.

लोकार्पणाला गुरुजी बोलावले. गुरुजींनी पेटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "दुकानाची पूजा होते, गाडीची होते, विहिरीची होते. याचा मंत्र मला ठाऊक नाही. विचारून सांगावं लागेल."

"आत्ता पाहुणे बसलेत," अमोलभाऊ म्हणाले.

गुरुजींची नजर पेटीच्या चाकांवर गेली आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी सरळ वाहनपूजा केली. काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हँडलला हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि पेटी हातभर पुढं ढकलायला लावली. लिंबं फुटली. मग अमोलभाऊंचं भाषण झालं. त्यांनी हात जोडून विनंती केली, की परिसरातल्या जास्तीत जास्त नागरिकांनी या पेटीचा लाभ घ्यावा. आभार मानायचं काम गोटीरामांकडं होतं. त्यांनी गुरुजींपासून लिंबं देणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले.

पुढचे कित्येक महिने एकाही नागरिकानं लाभ घेतला नाही. लोक जात नव्हते असं नाही, पण शवपेटी मागायला फोन करणं सुचायला हवं, आणि ज्यांना सुचलं त्यांची मुलं जवळच राहत होती. प्रांत कार्यालयाच्या मासिक अहवालात 'लाभार्थी' असा रकाना होता. वेदिका मॅडम दर महिन्याला त्यात शून्य लिहायच्या आणि अमोलभाऊंना दर महिन्याला ते लागायचं. एका मिटिंगमध्ये त्यांनी विचारलंच, "आपल्या ओळखीत कुणी... म्हणजे बऱ्याच दिवसांचं आजारी वगैरे आहे का?"

सगळे वहीत बघायला लागले.

इकडं शेडमध्ये सखुबाईनं पेटीवर जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं. पहिले पंधरा दिवस ती तिकडं पाठ करून फुलं बांधायची. मग उन्हाळा चढला, गुलाब दुपारपर्यंत माना टाकायला लागले, आणि ती एक दिवस म्हणाली, "एवढा गारवा नुसता पडून हाये. चार जुड्या ठेवल्या तर काय बिघडलं?"

"संस्थेची वस्तू हाये, सखू."

"मंग संस्थेचा माणूस मरंपत्तुर काय करायचं हिचं?"

जुड्या मात्र नानांनी ठेवू दिल्या नाहीत.

पेटी बसवणाऱ्या मेकॅनिकनं बजावलं होतं, की आठवड्यातून अर्धा तास तरी मशीन चालवा, नाहीतर बिघडेल. नानांनी गुरुवार धरला. दुपारी चारला ते लुगडं काढायचे, बटण दाबायचे आणि शेजारी स्टूल घेऊन बसायचे. मशीनचा घरघराट गल्लीपर्यंत जायचा. तिसऱ्या गुरुवारी तो ऐकून तानुबाई आली. मळ्याशेजारच्या गल्लीत राहणारी, चौऱ्याऐंशीची म्हातारी. उंची जेमतेम, हातात काठी. तिनं झाकण उघडायला लावलं, आत हात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"गार हाये," ती म्हणाली. "अंगावर काही देत्यात का?"

"चादर असती, आज्जी."

"एकच?"

नानांनी पुस्तिकेत बघून सांगतो म्हटलं. तिनं मग चष्मा काढतात की राहू देतात, तेही विचारलं. पुढच्या गुरुवारी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेणूबाबा आले. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, ताठ, सहा फुटांहून उंच. पत्नी जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा मस्कतला, घरात सून रोशनी. त्यांनी येताना खिशात टेप आणला होता. आतून लांबी मोजली आणि हिशेब करून म्हणाले, "नाना, मी बसत नाही यात."

हे नानांच्या अगदी मनाला लागलं. क्लबाची वस्तू आणि गावातलाच माणूस बसू नये? त्यांनी झेंडूच्या माळेचा दोरा घेतला, बाबांना भिंतीशी उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि तो दोरा पेटीत सरळ धरला. चार बोटं जास्त. मग कोनाकोनी धरला.

"तिरकं बसता, बाबा."

"तिरकं चालतं का?"

"काय हरकत हाये? खांदा जरा इकडं."

गेणूबाबा समाधानानं खाली बसले. सखुबाईनं तोवर चहा ठेवला होता. आलेल्या माणसाला चहा न देता घालवायचं, हे तिच्याच्यानं होत नव्हतं, मग माणूस कशासाठी का आलेला असेना. आषाढापर्यंत दर गुरुवारी चौदा-पंधरा म्हातारी माणसं जमायला लागली. पेटीचं मशीन अर्धा तास चालायचं आणि गप्पा दोन तास. गुडघे, सुना, पेन्शन, कुणाच्या नातवाचं लग्न मोडलं, कुठल्या डॉक्टरचा हात हलका. खारी खाताना काहीजण बशी सरळ पेटीच्या काचेवर ठेवायचे. नाना तेवढं मात्र पुसून घ्यायचे.

एकदा वेदिका मॅडम पेटीची पाहणी करायला आल्या आणि हा सोहळा बघून दारातच थांबल्या. मग त्यांनी पटकन फोन काढून फोटो घेतले. अहवालात लिहिलं, 'ज्येष्ठ नागरिक स्नेहमेळावा, दर गुरुवारी.' प्रांताध्यक्ष इतके खूश झाले की त्यांनी भेटीला येतो म्हणून कळवलं. सोबत एक ओळ होती: 'शवपेटी प्रकल्पातील एका लाभार्थ्याचा मंचावर सत्कार ठेवावा.'

अमोलभाऊ पत्र घेऊन थेट शेडमध्ये आले. गुरुवारच होता. त्यांनी पत्र वाचून दाखवलं आणि कपाळाला हात लावला. "लाभार्थी मंचावर आणायचा कसा, नाना?"

"मी हाये की," तानुबाई म्हणाली. "आज ना उद्या."

अमोलभाऊंनी तिच्याकडं पाहिलं, नानांकडं पाहिलं आणि पत्राची घडी घातली. दोन दिवसांत बॅनर छापून आला. त्यावर अमोलभाऊंचा मोठा फोटो, तानुबाईचा लहान, आणि खाली 'प्रथम नियोजित लाभार्थी' असं लिहिलेलं. नानांनी तो वाचला आणि विचारलं, "नियोजित म्हंजे?"

"म्हणजे ठरलेला," अमोलभाऊ म्हणाले.

"ते तर आपण सगळेच."

"बॅनरवर एवढी जागा नाही, नाना."

कार्यक्रम झोकात झाला. प्रांताध्यक्ष मुंबईकडचे, त्यांना कुठल्या प्रकल्पाचा लाभार्थी कोण हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. चष्मेवाटपही त्याच दिवशी होतं. त्यांनी तानुबाईच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि कागदावर बघून म्हणाले, "आजींनी या सुविधेचा लवकरात लवकर लाभ घ्यावा आणि इतरांनाही घ्यायला सांगावं."

तानुबाईनं माइक खाली ओढला. "घाई नाय," ती म्हणाली. "पण नंबर माझाच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रांताध्यक्षांनीही वाजवल्या. नाना आभार मानायला उठले, पण या बाबतीत नेमके कुणाचे आभार मानायचे ते त्यांना ठरवता येईना. म्हणून त्यांनी फक्त चहावाल्यांचे मानले.

दिवाळी होऊन गेल्यावर एका बुधवारी सकाळी रोशनीचा फोन आला. "नाना, बाबा उठलेच नाहीत." मग म्हणाली, "ह्यांना मस्कतहून यायला उद्या संध्याकाळ होईल."

फुलांच्या पिकअपमध्ये पेटी चढवून नाना निघाले. शेजारच्या सीटवर सखुबाई बसली. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यापर्यंत सहाजणांनी पेटी उचलून नेली. वर गेल्यावर कळलं की हॉलमधल्या बोर्डाला तिची पिन बसत नाही. बसली ती बाथरूममध्ये, गिझरच्या जागी. तिथून वायर ओढून आणली आणि पाय अडकू नये म्हणून सखुबाईनं तिच्यावर सतरंजी टाकली.

बाबांना आत ठेवताना लोक अडखळले. कुणी म्हणालं पाय दुमडावे लागतील. कुणी म्हणालं मोठी पेटी शोधा. "थांबा," नाना म्हणाले. "मला माहिती हाये." त्यांनी एक खांदा इकडं घेतला, टाचा त्या कोपऱ्यात टेकवल्या. बाबा बसले. पाय दुमडावे लागले नाहीत. एवढ्या महिन्यांत नानांना पहिल्यांदाच रडू आलं. पुस्तिकेत त्याबद्दल काही नव्हतं. त्यांनी चादर घातली, मग घरातून दुसरी मागून तीही घातली.

पेटीच्या एका बाजूला 'सौजन्य' आणि वीस सभासदांची नावं होती. ती बाजू त्यांनी भिंतीकडं फिरवली. थोड्या वेळानं अमोलभाऊंचा फोन आला. आधी त्यांनी वाईट वाटल्याचं सांगितलं आणि ते खरंच वाटलेलं होतं. मग म्हणाले, "नाना, अहवालासाठी एखादा फोटो..."

"नाय," नाना म्हणाले. क्लबात आल्यापासून हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता. "बरोबर आहे तुमचं," अमोलभाऊ म्हणाले आणि तासाभरानं स्वतः आले, शेवटपर्यंत खाली मांडवात खुर्च्या लावत राहिले.

तानुबाई दुपारी आली. जिने चढायला तिला पाऊण तास लागला. काचेवर हात ठेवून तिनं बाबांकडं पाहिलं, दोन चादरी पाहिल्या आणि नानांना म्हणाली, "नंबर माझा होता." ती चेष्टा करत नव्हती. तिला खरोखर लागलं होतं.

"व्हय, आज्जी."

"बॅनर छापला व्हता."

"व्हय."

तिनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसली. दुसऱ्या दिवशी मुलगा येईपर्यंत ती त्या घरातून हलली नाही. रोशनीला तिनंच बळंबळं दोन घास खायला घातले.

त्यानंतर पेटीला रीघ लागली. कुणी पंचवटीतून फोन करायचं, कुणी म्हसरूळहून. एकदा ती इगतपुरीलाही जाऊन आली. अहवालाचा रकाना भरायला लागला, पण आता तो आकडा मिटिंगमध्ये कुणी मोठ्यानं वाचत नसे. माघातल्या एका गुरुवारी पेटी बाहेरगावी गेलेली होती. नानांनी शेड झाडली आणि आज कुणी येणार नाही असं धरून गुलाब निवडायला बसले. चारला काठीचा आवाज आला. मग दुसरी माणसं आली. पेटीच्या रिकाम्या जागेकडं त्यांनी एकदा बघून घेतलं.

"आज मोकळं झालं," तानुबाई म्हणाली. "ती बाज वढा हिकडं. मला पाय लांब करायचेत."

नानांनी बाज ओढली. सखुबाईनं आत जाऊन चहाला पंधरा कप पाणी ठेवलं.