समोरच्याची किक

रग्बीकाकांच्या घरात प्रेशर कुकरलासुद्धा शिट्टी वाजवायची परवानगी नव्हती. बंदी कायमची नव्हे. आयर्लंडची मॅच चालू असेल आणि समोरच्या टीमचा खेळाडू किक मारायला उभा राहिला असेल, तर तेवढ्यापुरती. काका सोफ्यावर बसल्या बसल्या नुसतं एक बोट वर करायचे. की शालूकाकू आत कुकर शेगडीवरून उतरवायच्या, पोह्यांची प्लेट हातात असलेला माणूस घास तोंडातच धरून बसायचा, आणि कुणाचा फोन वाजला तर तो उशीखाली जायचा. टीव्हीतला तो परका माणूस चेंडू मांडायचा, मागे मागे जायचा, त्या दोन उंच खांबांकडे बघायचा आणि किक मारायचा. चेंडू खांबांमधून जावो नाही तर हुको, काका बोट खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "हां, आता बोला."

मला हे पहिल्यांदा भलतंच वाटलं. मी सांगलीची. आमच्याकडे समोरचा बोलर धावायला लागला की त्याच्या सगळ्या खानदानाची चौकशी सुरू होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर काका मान न वळवता म्हणाले, "सांगली, गप." त्या दिवसापासून अमेरिकेतल्या आमच्या या श्रूजबरी गावातल्या अर्ध्या लोकांसाठी मी सांगली झाले ती झालेच. मी बडबडी आहे अशी माझी ख्याती आहे, आणि रागीट आहे अशीही आहे. दोन्ही खऱ्या. पण मला कुणी गप म्हणावं आणि मी खरंच गप बसावं, असा माणूस आयुष्यात हा एकच भेटला. माझ्या नवऱ्याला त्याचं अजून नवल वाटतं.

काका मूळचे नागपूरचे, तिथल्या इंदोरा वस्तीतले. इंजिनियर झाले आणि तरुणपणीच आयर्लंडला, लिमरिकमध्ये नोकरीला गेले. तिथं बरीच वर्षं काढल्यावर कंपनीने मॅसॅच्युसेट्सला पाठवलं, ते इथलेच झाले. गाव सुटलं पण वेड सुटलं नाही. रोज सकाळी चहाबरोबर तिकडच्या रग्बीच्या बातम्या वाचायचे आणि दिवसभर भेटेल त्याला सांगायचे, तेही घरातल्या माणसांचं सांगावं तसं. "आपल्या दहा नंबरचा खांदा अजून बरा नाही बापा." "थोरल्याला बसवला अन् धाकट्याला घेतला, काऊन केलं असं काय माहीत." एकदा इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडता निवडता हे ऐकून एका बाईंनी खरंच विचारलं होतं, मुलगा कुठल्या हॉस्पिटलमध्ये ठेवलाय म्हणून. शालूकाकू म्हणायच्या, "बायका माहेरचं बोलतात, आमच्याकडे हे लिमरिकचं बोलतात."

तिकडची दुपारची मॅच म्हणजे इकडे सकाळ. त्यामुळे मॅचच्या शनिवारी काकांकडे नाश्ता ठरलेला. तर्रीपोहे, वर कच्चा कांदा, आणि तिखट इतकं की शेजारचा टॉमी, जो लहानपणापासून रग्बी खेळलेला आडदांड आयरिश माणूस, तो डोळे पुसत पुसत मॅच बघायचा. येणाऱ्याला कधी बोलावणं नसायचं. दार उघडंच असायचं. आत आल्यावर पाळायचा नियम तेवढा एक.

आता आमच्या लोकांबद्दल बोलते, कारण न बोलून मला चैन पडणार नाही. या गावात आपली मराठी माणसं भरपूर, सगळी शिकलेली, सगळी मोठ्या नोकऱ्यांवर. पण नवीन माणूस भेटला की आधी आडनाव, मग गाव, मग गावातला भाग, असं खणत खणत पार तळाला गेल्याशिवाय यांना चहा गोड लागत नाही. काकांना पॉटलकच्या जेवणात हटकून कुणीतरी विचारायचंच, "नागपूरचे म्हणजे नेमके कुठले?" कशासाठी विचारतोय ते विचारणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्याला ठाऊक, आणि चेहरे मात्र असे की जणू भूगोलाची आवड आहे. काका हसून म्हणायचे, "मी लिमरिकचा." त्यापुढे त्या माणसाला काही विचारता यायचं नाही. काका हसायचे, पण माझी तळपायाची आग मस्तकात जायची. मी एकदा एकाला तिथल्या तिथे सुनावलंही. घरी येताना काका गाडीत म्हणाले, "कायले तोंड खराब करून राहिली तू? त्याचा वकूब तेवढा."

त्या बोटामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. पोहे भिजवत होते. म्हणाले, कॉलेजात ते काही वाचून दाखवायला उभे राहिले की मागच्या बाकांवरची पोरं पाय घासायची, खोकायची, बाक सरकवायची. तोंडाने कुणी काही म्हणत नसे. फक्त आवाज करायचे. सर फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे. "अन् मग लिमरिकले गेलो. ऑफिसातला एक जण मॅचला घेऊन गेला. हजारो माणसं, सगळी बोंबलत होती. समोरच्या टीमचा पोरगा किक मारायला उभा राहिला, अन् सगळं ग्राउंड गप. तो हरवायला आला होता न त्यांना. तरी गप. मी रडलो तिथं. बाजूवाल्याला वाटलं, थंडी वाजते मला." मग पोह्यांतलं पाणी निथळत म्हणाले, "आपल्या माणसासाठी टाळ्या कोणीबी वाजवते, सांगली. समोरच्याले त्याचं काम करू द्यायचं, ते शिकावं लागते."

ते शिकवायला म्हणूनच त्यांनी टॉमीला हाताशी धरून गावातल्या मुलांची टीम उभी केली. आमची माणसं हसली. क्रिकेट सोडून हे काय, मुलांचे दात पडतील, कॉलेज ॲडमिशनला याचा उपयोग काय. माझी सई मात्र गेली. जाड होती, पळायला मंद होती, शाळेत कुठल्याच खेळात तिला कुणी घेत नसे. काकांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुझ्यासारखी माणसं लागतात इथं. तू नुसती उभी राहा, बाकीचे आपटतील." चार हिवाळ्यांत ती मुलगी ताठ चालायला शिकली. त्यांच्या टीमला जिंकण्याचं फार काही जमलं नाही, पण समोरच्याच्या किकला आमची मुलं हात मागे बांधून, तोंड मिटून उभी राहायची. बाहेरगावचे कोच येऊन काकांचा हात हातात घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. पोटाचं दुखणं निघालं ते शेवटच्या टप्प्यातलंच. वुस्टरच्या हॉस्पिटलमध्ये शनिवारी सकाळी मी गेले तर छातीवर फोन ठेवून मॅच बघत होते. नर्स इंजेक्शन घेऊन आली, आणि काकांनी बोट वर केलं. हातात सुया टोचलेल्या, पण बोट वर. ती बिचारी काही न कळता थांबली. मीही थांबले. समोरच्याची किक गेली, म्हणजे आपण हरलो. काका बोट खाली घेऊन तिला म्हणाले, "नाऊ यू टॉक." ती हसली. मला हसता आलं नाही.

काका गेल्यावर ज्यांना त्यांच्या जिवंतपणी त्यांच्या गावाचा भाग हवा होता, त्यांनाच त्यांचं नाव हवं झालं. काकांच्या स्मरणार्थ मुलांचा रग्बी फेस्टिवल करायचा ठरलं. आजूबाजूच्या गावांच्या टीम येणार. कल्पना टॉमीची होती, चांगली होती. पण बघता बघता तिचा ताबा आमच्या अभिजितने घेतला. अभिजित पुण्याचा, कुठल्यातरी टेक कंपनीत मॅनेजर, माणूस वाईट नाही, पण त्याच्या हातात काहीही दिलं तरी तो त्याचा इव्हेंट करतो. मीटिंगला शालूकाकू आल्या होत्या. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बाकी तुम्हाला हवं तसं करा. फक्त समोरच्याच्या किकला गप राहा. ह्यांचं नाव घेताय म्हणून मागते." सगळ्यांनी माना डोलावल्या. अभिजित तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "काकू, हंड्रेड पर्सेंट."

आणि पुढच्याच आठवड्यात मला कळलं की ढोल-ताशा पथक येणार आहे.

मी त्याला फोन केला. "अभिजित, ही श्रद्धांजली आहे का वरात?"

"अगं ताई, चिल. एनर्जी नको का? अमेरिकन लोकांना आपलं कल्चर दिसेल. काकांना आवडलं असतं यार."

काकांना आवडलं असतं. मेलेल्या माणसाच्या नावावर आपली हौस खपवायची असली की हे वाक्य बरं पडतं. ज्या माणसाने कुकरची शिट्टी चालवून घेतली नाही, त्याला ढोल आवडला असता. मी म्हटलं, किकच्या वेळेस काय करणार? तर म्हणाला, तेव्हा थांबवू ना, त्यात काय. सईला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, डोन्ट मेक अ सीन." आता सईही टीमच्या सरावात टॉमीला मदत करते, तिला टीमसमोर आईची लाज वाटणं साहजिक होतं. मी सीन केला नाही. मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. रोज भांडी लावताना त्यात एकेक वाक्य घालत गेले. फेस्टिवल येईपर्यंत असं भाषण झालं होतं की या गावातलं एकही मराठी घर त्यातून सुटलं नसतं.

मे महिन्यातली सकाळ, शाळेचं मैदान, स्टेजवर काकांचा सुटातला फोटो. काकांना मी सुटात कधी पाहिलं नाही. शालूकाकू पहिल्या रांगेत खुर्चीवर, पांढऱ्या साडीवर टीमचं हिरवं जॅकेट घालून. पथकातली पोरं फेटे बांधून आली होती, त्यांचा काही दोष नाही, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सकाळभर ढोल वाजत राहिला. ट्राय झाला, म्हणजे कुणी चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला, की ढोल, पडलं कुणी की ढोल, आणि किकच्या वेळेसही ढोल. मी दोनदा जाऊन अभिजितला सांगितलं. दोन्ही वेळेस त्याने अंगठा दाखवला आणि माइकमधून ओरडला, "आवाज कुणाचा?" आणि ज्यांना नागपूरचा एकेक भाग पाठ आहे ते सगळे उत्तर देत ओरडले. काकू समोर बघत बसून होत्या. त्यांच्याकडे बघून मला जास्तच भडभडून आलं.

शेवटची मॅच मुलींची. आमच्या मुली पुढे होत्या, आणि वेळ संपता संपता पाहुण्या मुलींनी ट्राय केला. आता ट्रायनंतर मिळते ती त्यांची एक किक उरली होती. गेली तर त्या जिंकणार, हुकली तर आपण. किक मारायला आली ती एक बुटकी मुलगी, दोन वेण्या, दोन्ही गुडघे चिखलाने माखलेले. तिने चेंडू मांडला. अभिजितने माइक उचलला, "आवाज कुणाचा," आणि सगळे ढोल एकदम कडाडले. मुलगी दचकली. चेंडू कलंडला. तिने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि वाकून परत चेंडू मांडायला लागली. आमच्या मुली मात्र खांबांखाली हात मागे बांधून, तोंड मिटून उभ्या होत्या. काकांनी शिकवलं होतं तशा.

मी गेले आणि अभिजितच्या हातातून माइक हिसकावला. सगळं भाषण तोंडाशी आलं होतं. आणि तेवढ्यात ती मुलगी मागे पावलं टाकायला लागली. मी आता एक शब्द जरी बोलले असते तरी तो स्पीकरमधून तिच्याच डोक्यावर पडला असता. मी तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिले. ढोल चालूच होते, आणि ती मुलगी मागे जाऊन चेंडूकडे बघत थांबली होती.

शालूकाकू उठल्या. सावकाश चालत पथकापाशी गेल्या आणि पहिल्या ढोलाच्या पानावर त्यांनी आपला तळहात ठेवला. वाजवणारा थांबला. त्याला बघून बाजूचा थांबला, मग ताशे थांबले. काकूंनी मैदानाकडे तोंड केलं आणि एक बोट वर केलं. टॉमीने टोपी काढली. पलीकडे सईचं बोट वर गेलेलं मला दिसलं. हळूहळू लोक गप होत गेले, आधी पाहुणे, मग आपले. काही का गप व्हायचं ते कळून झाले, काही नुसते बाकीच्यांना बघून झाले. मुलीने श्वास घेतला तो खांदे वर झाले त्यावरून समजला. तिने किक मारली. चेंडू खांबांच्या बरोबर मधून गेला.

आम्ही हरलो. तरी कुणी हललं नाही, कारण काकूंचं बोट अजून वरच होतं. मग त्यांनी ते खाली घेतलं, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हां सांगली, आता बोल."

माइक माझ्या हातात होता, चालू होता, आणि सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मला एक शब्द आठवेना. माझा हुंदका तेवढा सगळ्यांना ऐकू गेला.