आमच्यात असतातच गाठी

माझ्या सासरी हाडांवर गाठी असणं ही कौतुकाची गोष्ट होती. लग्नाआधी कुणी असं सांगितलं असतं तर मी हसले असते. गुडघ्याच्या बाजूला, मनगटावर, खांद्याच्या मागे अशा दगडासारख्या टणक, न दुखणाऱ्या गाठी. सासऱ्यांना होत्या, नवऱ्याला आहेत, त्याच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या आक्कांनाही आहेत. घरातलं मूल चार-पाच वर्षांचं झालं की आक्का जयसिंगपूरहून येणार, त्याला मांडीवर घेऊन तेल लावणार आणि हातापायांची हाडं चाचपणार. गाठ लागली की "आमचंच हाय" म्हणून गल्लीत गूळ वाटायचा. माझ्या मुलीच्या गुडघ्यामागे गाठ लागली तेव्हा गडमुडशिंगीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीत गूळ वाटला गेला आणि मी आत स्वयंपाकघरात भांडी आपटत बसले.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हा जन्मापासूनचा दोष आहे, आईबापांकडून मुलांत येतो, फार थोड्या घरांत असतो. बहुतेकांना काही होत नाही, फक्त लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे काय करायचं? ज्या घरात प्रत्येकाच्या अंगावर पाच-सहा गाठी आहेत आणि त्यांचा अभिमान आहे, तिथे कुठल्या गाठीवर लक्ष ठेवायचं? मी शाळेत गणित शिकवते. हे गणित मला कधी सुटलं नाही.

नवऱ्याचं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. दिवसभर उकिडवं बसून शेतावरच्या जळालेल्या मोटारींमध्ये तार भरायची, हे त्याचं काम. दोन वर्षांपूर्वी तो बसताना एका अंगावर कलायला लागला. मग त्यानं शिंप्याकडून पँट ढिली करून आणली, तीही फक्त उजव्या बाजूनं. मी विचारलं तर म्हणाला, पोट सुटलंय. पोट एकाच बाजूनं सुटतं का, असं विचारलं तर म्हणाला, तू प्रत्येक गोष्टीत मास्तरीण होऊ नकोस. शेवटी एका रविवारी मी त्याला पालथं झोपवलं आणि हात लावून पाहिलं. कमरेच्या हाडावर पेरूएवढी गाठ होती. ही जुनीच, म्हणाला. जुनी होती तेव्हा ती बोराएवढी होती, हे मला चांगलं आठवत होतं.

आक्कांना फोन केला. "आमच्यात असतातच की," त्या म्हणाल्या. "वाढली म्हंजे अंगाला लागलीया." आणि पहिल्या गाडीनं येऊन त्यांनी त्या गाठीला कोमट तेल चोळायला सुरुवात केली. मी ओरडले, तेव्हा नवरा मलाच गप्प बस म्हणाला.

मग स्कॅन झाला. फिल्मवर इतक्या गाठी होत्या की तिथल्या माणसानं मला विचारलं, मॅडम, यातली कुठली दाखवायची आहे? मग सुईनं तुकडा काढून तपासला. कोल्हापुरातल्याच एका मोठ्या दवाखान्यात हाडांच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई होत्या, माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. माणसाची उंची वाढायची थांबली की या गाठीही वाढायच्या थांबतात. त्यानंतर एखादी वाढायला लागली तर ती धोक्याची. या गाठीच्या वरच्या कूर्चेत कॅन्सर झाला होता. मुलीलाही दरवर्षी दाखवत जा, असंही त्या म्हणाल्या. घरी ते ऐकल्यावर आक्कांनी फर्मान काढलं की पोरीचं नाव दवाखान्यात घालायचं नाही, उद्या तिला कोण करून घेणार.

यानंतरचे दोन महिने मला आठवले तरी अजून डोकं चढतं. या कॅन्सरला केमो लागू पडत नाही, रेडिएशनचा शेकही फारसा चालत नाही. गाठ फुटू न देता, भोवतीच्या चांगल्या हाडासकट कापून काढायची, एवढाच उपाय. हे मला समजायला दहा मिनिटं लागली. भेटायला येणाऱ्यांना ते कधीच समजलं नाही. शहाळं आणि बिस्किटांचा पुडा घेऊन यायचे, खुर्चीत बसायचे आणि पहिला प्रश्न, केमो कधी सुरू? केमो नाही, असं सांगितलं की एकमेकांकडे बघायचे. "कॅन्सर हाय आणि केमो न्हाय? मग कॅन्सर न्हायच त्यो," असं एका लांबच्या मामांनी छातीठोकपणे सांगितलं आणि चहा मागितला. दुसऱ्या एकांना वाटलं, आम्ही खर्चाला भिऊन केमो टाळतोय. एक बाई तर माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरचे केस बघून म्हणाल्या, बरे आहेत की हे. मी सरळ सांगायला लागले, पावणं, शहाळं ठेवा आणि जावा. त्यावरून भावकीत माझं नाव खराब झालं. होऊ दे.

पण खरा वैताग घरातला होता. नवरा ऑपरेशनला तयार नव्हता. कॉलेजात असताना त्याच्या गुडघ्यावरची एक गाठ त्रास द्यायला लागली म्हणून एका डॉक्टरांनी ती काढली होती आणि आठवड्यात तो सायकल चालवत होता. आता कमरेच्या हाडाचा मोठा तुकडा जाणार, पाय आखूड होणार, पुन्हा उकिडवं बसता येणार नाही, हे त्याला पटेना. "खरवडून काढा म्हणावं," एवढंच त्याचं पालुपद. खरवडली तर ती आत सगळीकडे पसरेल, हे मी चित्र काढून दाखवलं, रागावून सांगितलं, रडून सांगितलं. तो दुकानात जाऊन तार भरत बसायचा आणि प्रत्येक दिवस गाठीच्या खात्यात जात होता. मला त्याचा इतका राग यायचा की त्याच्या मरणाची भीतीसुद्धा त्या रागातच यायची.

डॉक्टरीणबाईंनी शेवटचं म्हणून सगळ्यांना बोलावलं. आक्काही आल्या, मुख्य म्हणजे मला खोटं पाडायला. बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाची गाठ मोठेपणी वाढली होती का? नवरा लगेच नाही म्हणाला. सासरे वातानं गेले असंच आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शेवटचं वर्ष ते पालथे झोपून होते.

आक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाची वाढली हुती," त्या म्हणाल्या. "हितंच, कमरंला. नारळाएवढी झाल्ती. मी रोज तेल लावून चोळायचो. त्यानं वाढली का ओ?"

बाईंनी सांगितलं, चोळल्यानं कॅन्सर होत नाही, तुमचा काही दोष नाही. पण खोलीत ते कुणी ऐकत नव्हतं. नवरा बहिणीकडे बघत होता. सासऱ्यांचं ते वर्ष त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, कण्हणं ऐकलं होतं, फक्त त्याला वात म्हणायचं असं त्याला शिकवलं गेलं होतं. त्यानं कागद पुढे ओढला आणि सही केली. माझ्या दोन महिन्यांच्या भांडणानं जे झालं नाही ते आक्कांच्या दोन वाक्यांनी झालं, याचाही मला तेव्हा रागच आला.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार उलटून गेल्यावर संपलं. नंतर रिपोर्ट आला. गाठ अखंड निघाली होती, कडा सगळीकडून स्वच्छ होत्या. पाय आखूड झाला, काठी कायमची लागेल, दुकानात उंच टेबल करून घ्यावं लागेल, तपासण्या पुढे चालू ठेवायच्या. पण माणूस हाती लागला. मी दवाखान्याच्या पॅसेजमध्येच जोरात रडले. बाकावर बसलेल्या आक्कांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे कापलं की माणूस वाचतंय," त्या म्हणाल्या.

वेळेवर कापलं तर वाचतं, मी म्हणाले.

"मग बा पण वाचला असता की."

तो काळ वेगळा होता, तेव्हा कुणाला काय माहीत होतं, असं काहीतरी सांगता आलं असतं. पण या सगळ्या महिन्यांत गोड बोलण्याची मला शिसारी आली होती. शिवाय आक्का कधीच माझ्याशी गोड बोलल्या नव्हत्या.

"वाचले असते बहुतेक, आक्का," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले नाहीत. समोरून ट्रॉली गेली, तिच्यासाठी पाय आत घेतले.

"पोरीला कवा दाखवायचं हाय?"

मी म्हणाले, सोमवारी.

"मग माझंबी नाव घाल तिथं," आक्का म्हणाल्या. "पाठीत एक हाय. दिवाळीपासनं वाढालीया."