ताडपत्रीखालचे पॅनेल

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सिग्नलचा हवालदार. मे महिन्यात आमची तुकडी नागपूरबाहेरच्या फायरिंग रेंजवर होती. वायरलेस सेटच्या बॅटऱ्या उन्हावर चार्ज करायला एका प्रयोगशाळेने सौर पॅनेल चाचणीसाठी पाठवले होते. त्याच्या भरवशावर आमचा जनरेटर डेपोत परतही गेला होता. सोबत आलेल्या शास्त्रज्ञाने दोनच गोष्टी बजावल्या. काच उघडी ठेवा आणि स्वच्छ ठेवा. फौजेला फक्त दुसरी पटली.

पॅनेल लान्स नाईक शालिककडे होते. सावनेरकडचा गडी. रोज ०६०० वाजता ओल्या फडक्याने काच पुसायचा.

"हवालदारसाब, आपल्याकडचं ऊन पहिल्यांदा कामी येऊन राहिलं जी," म्हणायचा.

तीन आठवडे सेट उत्तम चालले. मग ब्रिगेडियरसाहेबांच्या इन्स्पेक्शनचा निरोप आला. इन्स्पेक्शन म्हणजे काय, हे तुम्हा सिव्हिलियन लोकांना सांगून कळायचे नाही. दगडांना चुना, झाडांना गेरू. सुभेदारसाहेबांनी पॅनेलवर ताडपत्री बांधायला लावली. नव्या सामानावर ओरखडा नको.

"साब, चार्जिंग बंद हो जाएगी," मी म्हणालो.

"एक दिन की बात है."

शालिक पुटपुटला, "त्याले ऊन पाह्यजे, अन् हे सावली देऊन राहिले!"

इन्स्पेक्शन एक दिवस पुढे गेले. मग आणखी एक. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारले, तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी वैतागून विचारणेच सोडले. ती चूक माझी.

त्या दिवशी शालिक एका शिपायासह पाच किलोमीटरवरच्या टेकडीवर निरीक्षणाला होता. १२१० वाजता माझा सेट बंद पडला. दोन्ही बॅटऱ्या उतरल्या होत्या. शेजारच्या तुकडीकडे बॅटरीसाठी माणूस पाठवला. तो परतायच्या आत, १३२५ वाजता, टेकडीवरचा शिपाई धावत आला.

"शालिकभाऊले ऊन लागलं जी! बेशुद्ध हाये. सेटवर किती बोंबललो, कोणी बोलूनच नाही राहिलं!"

गाडी घेऊन मी लगेच निघालो. शालिक इस्पितळाच्या वाटेवरच गेला. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवे होते.

१६०० वाजता परत आलो आणि कोणालाही न विचारता ताडपत्री ओढून काढली. सुभेदारसाहेब समोरच उभे होते. मीटरचा काटा ताबडतोब वर चढला. तो पाहून मला जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही. त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन झाले. चाचणीच्या रिपोर्टात लिहिले गेले, 'पॅनेल उत्तम स्थितीत, एकही ओरखडा नाही.' खाली सही माझी.

आता सीताबर्डीच्या दुकानांत उन्हावर चालणारे दिवे दिसतात. दुकानदार मला त्यांचे फायदे समजावतो. मी ऐकून घेतो.

त्या रिपोर्टात एक नाव नव्हते, म्हणून इथे लिहितो. लान्स नाईक शालिक. त्याचे फडके पॅनेलच्या पायाला बांधलेले होते. त्या संध्याकाळी काच मी पुसली.