पहिल्या फोटोचं हँडबिल

कुस्तीच्या हँडबिलाला रद्दीत भाव नाही. कागद पातळ, गुलाबी नाहीतर पिवळा, आणि गठ्ठाभर टाकला तरी तागडी हलत नाही. म्हणूनच ती मला मिळत गेली. शहागंजात माझं रद्दीचं दुकान आहे. त्याआधी हातगाडी होती आणि हातगाडीच्या आधी नुसतं पोतं. पोतं खांद्यावर असतानाच शिकलो की जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही. एखाद्या घरच्या ढिगात जत्रेच्या दंगलीचं जुनं हँडबिल दिसलं की मी वर्तमानपत्रांच्या भावावरून भांडण काढायचो, रागानं उठायचो, जिना उतरायचो, परत यायचो, आणि शेवटी "हा कचरा बी टाका त्यात" म्हणून हँडबिल उचलायचो.

सगळीच हँडबिलं मला नको असतात. नव्या पैलवानाचं आधी नुसतं नाव छापून येई, तळाशी, बारीक टायपात. त्यानं एखादी मोठी कुस्ती मारली की पुढच्या जत्रेचे पंच त्याचा फोटो मागवत आणि छापखानेवाला जस्ताचा ठसा करून घेई. ठसा महाग, म्हणून एकदा केला की झिजेपर्यंत तोच. पैलवान चाळिशीला टेकला, पोट सुटलं, तरी हँडबिलावर मिसरूड फुटलेला पोरगाच दिसायचा. पुढेपुढे तर त्या पोराच्या जागी काळा डाग उरायचा. त्या ठशाची पहिली छपाई, म्हणजे पैलवानाचं पहिल्या फोटोचं हँडबिल, हाच खरा माल. त्यात डोळे स्वच्छ असतात. अजून काही हरलेले नसतात.

माझ्या थोरल्या भावाचं असं हँडबिल माझ्याकडे एकच आहे.

आम्ही करमाडच्या बाजूचे, मेंढरं राखणारे. दादा ओढ्याला पाणी असलं की भिजका मेंढा खांद्यावर टाकून पलीकडे न्यायचा. शहरातल्या एका वस्तादानं ते बघितलं आणि त्याला तालमीत आणलं. त्याच्या मागे मी आलो. तो जोर काढायचा, मी पोतं भरायचो, आणि त्याच्या खुराकाचं दूध माझ्या पोत्यातून यायचं. मग सिल्लोडच्या जत्रेत त्याला मानाची कुस्ती मिळाली, म्हणजे दिवसाची शेवटची, सगळ्यात मोठी. समोर सिल्लोडचाच पैलवान. दोघांचाही हँडबिलावर पहिलाच फोटो, शेजारी शेजारी.

ती कुस्ती मी बघितली. दादानं त्याला उचलून टाकलं आणि त्याची पाठ मातीला लागली. तेवढ्यात लोकांनी दोर तोडला, गर्दी आत घुसली, आणि पंच म्हणाले, आम्हाला दिसलं नाही. कुस्ती बरोबरीत सोडवली. त्याच वर्षी दादाचा गुडघा गेला आणि पुन्हा मानाची कुस्ती त्याच्या वाट्याला आली नाही.

दादाच्या तालमीत हौद्याच्या मागच्या भिंतीवर थोर पैलवानांचे फोटो आहेत. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तालीम बंद होती. ती पुन्हा उघडली तेव्हा पहिला फोटो लागला आणि तेव्हापासून एक रीत पडली. फोटो तालीम लावत नाही. ज्याला त्या पैलवानानं पाडलं त्यानं यायचं, हौद्यातल्या मातीत उभं राहून "यानं मला पाडलं" असं सगळ्यांपुढे म्हणायचं आणि स्वतःच्या हातानं फोटो टांगायचा. तोही मानाच्या कुस्तीचा पैलवान पाहिजे, ऐरागैरा चालत नाही. दादानं आणखी पुष्कळ पाडले होते, पण त्या मापाचा एकच: सिल्लोडचा. आणि कागदोपत्री तो पडलाच नव्हता.

दर नागपंचमीला मातीची पूजा झाली की त्या भिंतीखाली वाद पेटे. कोण थोर, कोण नुसता नशीबवान. कुणाला कमकुवत जोड्या मिळत गेल्या, कोण जिल्ह्याबाहेर कधी गेलाच नाही. दादा गावी परतला होता, तरी दरवर्षी करमाडहून यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. नवी पोरं विचारायची, "काका, तुमचा फोटो कुठला?" तो हसून हौद्याकडे बघायचा. ते हसणं मला सोसायचं नाही.

मी पिशवीतून हँडबिलं काढून भांडायचो. माझ्याविरुद्ध कोर्टातला एक निवृत्त कारकून असायचा. तरुणपणी त्यानं सहा महिने लंगोट बांधला होता, त्या भांडवलावर तो चाळीस वर्षं बोलत होता.

"हे बघा, मानाची जोड," मी म्हणायचो. "छापलेलं आहे."

"हँडबिलात जोड छापतात, रद्दीवाले," तो म्हणायचा. "निकाल नाही छापत."

"निकाल मी डोळ्यांनी बघितला."

"तुम्ही भाऊ. आणि मातीत कधी उतरलात का तुम्ही? पाठ लागली का नाही लागली, हे तुम्हाला काय कळणार? तुमचा काटा वेगळा."

सगळे हसायचे. वस्ताद, म्हणजे जुन्या वस्तादाचा मुलगा, तोही हसायचा. या तालमीच्या छपराचे पत्रे मी निम्म्या भावात मिळवून दिले होते, ते कुणाला आठवायचं नाही. एका नागपंचमीला मी कारकुनाच्या अंगावर धावून गेलो. दादानं मला मागून कमरेत धरलं आणि एका हातानं बाहेर काढलं. गुडघा गेलेला माणूस, पण पकड तशीच.

"तुला काय पडलंय एवढं?" तो बाहेर म्हणाला.

"तुला नाय पडलं?"

 पुढच्या वर्षी तो आलाच नाही. मेंढरांचं कारण सांगितलं. मेंढरं तर त्यानं केव्हाच विकली होती.

तेव्हा मी सिल्लोडची एस.टी. पकडली.

तो पैलवान आता मक्याची आडत चालवत होता. दुकानापुढे बाजेवर बसला होता, पांढरी दाढी, दोन्ही कान फुटून गोळा झालेले. मी कोण ते सांगितलं.

"आओ मियाँ, बैठो. तेरे भाई का घुटना कैसा है?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

मी हँडबिल काढलं, पण हातातून सोडलं नाही. त्यानं चष्मा पुसला, वाकून बघितलं.

"या अल्ला. ये मैं हूँ? कान बघ, कान! अजून फुटले नव्हते." त्यानं हमालाला हाक मारली, "अरे इधर आ, देख तेरा सेठ!" मग माझ्याकडे वळला. "माझ्याकडं एक बी नाय राहिलं. भावंडांनी पतंगाला लावले."

मी ओळखलं, गिऱ्हाईक वस्तूकडे बघतंय. म्हणालो, "चाचा, तुमची पाठ लागली होती."

त्यानं आपल्या फुटक्या कानाला हात लावला. "लागली होती," म्हणाला. "दोन्ही खांदे. माती कानात गेली होती माझ्या."

"मग नागपंचमीला तालमीत येऊन एवढंच बोला. हे हँडबिल तुमचं. जीप मी पाठवतो, जेवण माझ्याकडे, आणि—"

"कागद आत ठेव."

"काय झालं?"

"आत ठेव पहिले." त्याचा चेहरा पार बदलला होता. "मी येणारच होतो. मनात होतं कधीपासून. आता आलो तर लोक काय बोलतील? रद्दीवाल्यानं घेतला पैलवान. नुरा!" आधी ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात, पैलवानाला त्याहून मोठी शिवी नाही. "सारी उमर नुरा नाय लढलो. आता दाढी पिकल्यावर लढू?"

माझं डोकं फिरलं. "मनात होतं तर आला का नाहीत? सिल्लोडहून शहर काय काशी आहे? माझा भाऊ त्या भिंतीखाली बसतो, कालची पोरं त्याला फोटो विचारतात, आणि तुमच्या मनात होतं! मनातलं काय चाटायचंय?"

मक्याची पोती उतरवणारे हमाल थांबून बघायला लागले. तो मात्र हसला.

"तू मातीत पाहिजे होतास रे. गरम लवकर होतो, पण पकड सोडत नाय." मग म्हणाला, "आता माझी बात ऐक. मी येतो. आपल्या पैशानं, आपल्या एस.टी.नं. कागद तुझ्यापाशी राहील. आणि त्या दिवशी तू तालमीत दिसायचं नाय."

"माझा भाऊ आहे तो!"

"म्हणून तर."

मी घासाघीस केली. दारात उभा राहतो. नाही. गल्लीच्या तोंडाशी? नाही. बरं, गुलमंडीवर थांबतो, तिथून तालीम दिसत पण नाही.

"दुकान उघड. दुकानात बस," तो म्हणाला. "लोकांनी तुला तिथं बघितलं पाहिजे."

आयुष्यात मी इतका वाईट सौदा केला नव्हता, आणि तो मोडायची हिंमतही नव्हती. दादाला मी स्वतः करमाडला जाऊन सांगून आलो, या वर्षी जा. कारण सांगितलं नाही.

नागपंचमीला शहागंजातली अर्धी दुकानं बंद होती. मी उघडं ठेवून बसलो. एकच गठ्ठा तीनदा बांधला आणि सोडला. एक बाई वह्या घेऊन आली, तिच्याशी विनाकारण भांडलो; ती वह्या परत घेऊन गेली. कुठून तरी हलगी ऐकू येत होती. आमच्याच तालमीची का दुसऱ्या कुठली, तेही कळेना. दोनदा पायात चपला घातल्या. समोरचा पानवाला म्हणाला, "सेठ, आज तालमीत नाय गेला?" मी म्हटलं, "धंदा बघ तुझा."

दुपारी दादा आला. कपाळाला गुलाल, पण थोडाच. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसला आणि पाणी मागितलं.

"काय झालं?"

"लावला."

"तो काय म्हणाला?"

"म्हणला, ह्यानं मला पाडलं."

"आन कारकून?"

"व्हता तिथंच."

"अरे पण काय बोलला? लोक काय म्हणले?"

"आता मला काय आठवतंय सगळं?" दादा म्हणाला. मग गुडघा चोळत म्हणाला, "त्यानं माझा गुडघा दाबून बघितला. म्हणला, आपल्या दोघांचं आता तेलानं काय व्हायचं नाय. लई चांगला माणूस हाय. तू एकदा भेट त्याला."

मी म्हटलं, "भेटू." एवढी वर्षं भांडलो मी, त्या मातीत शब्द पडला तेव्हा मी वह्यांच्या भावावरून भांडत होतो, आणि ज्यानं ऐकलं त्याला तो धड सांगताही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तालीम उघडायच्या वेळी दारात उभा होतो. फोटो लागला होता, वस्तादाच्या कपाटातला जुना. पण कुठं? पश्चिमेच्या खिडकीसमोर. कागदाला ऊन काय करतं हे मला विचारा. दोन उन्हाळ्यांत दादाचा चेहरा पिवळा पडेल, पाचांत पुसून जाईल. मी वस्तादाला म्हटलं, हा उद्याच्या उद्या पलीकडे घ्या.

"ज्यानं लावला त्यानं लावला," वस्ताद म्हणाला. "दुसऱ्यानं हात लावायचा नसतो. सिल्लोडहून बोलवा त्यांना."

त्यांना कसा बोलवू? माझा शब्द ऐकून ते आले असं एकदा जरी दिसलं तरी सगळं मोडलं. हँडबिलही मी त्यांना नेऊन दिलेलं नाही. दिलं तर सौदा होतो. ते माझ्या पेटीत आहे; दादाशेजारी त्यांचाही चेहरा आहे, आणि आता मला ते नीट बघवत नाही.

मी गुलमंडीवर जाऊन जाड खादीचं कापड घेतलं, दुकानदाराशी तासभर घासाघीस केली आणि तालमीच्या खिडकीला पडदा लावला. पोरांना जोर काढायला उजेड लागतो, ती सकाळी पडदा सारून ठेवतात. मी दुपारी ऊन फिरायच्या आत जातो आणि ओढून घेतो. कारकून तिथं बसलेला असतो. रोज विचारतो, "काय रद्दीवाले, आता कशासाठी?" आणि रोज आमचं वाजतं.